जॉन्सन प्रॉडक्ट्स: गिऱ्हाईक आपलं, दुकान कुणाचं?

१९५४ साल, शिकागो. पंचविशी नुकतीच ओलांडलेला जॉर्ज जॉन्सन कर्ज देणाऱ्या एका कंपनीत गेला आणि धंद्यासाठी अडीचशे डॉलर मागितले. तिथल्या साहेबाने त्यालाच चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावल्या. हातात चांगली नोकरी आहे, कशाला या भानगडीत पडतोस? अर्ज नामंजूर. थोड्याच दिवसांनी जॉन्सन त्याच कंपनीच्या दुसऱ्या शाखेत गेला. या वेळी धंद्याचं नावही काढलं नाही. बायकोला घेऊन कॅलिफोर्नियाला फिरायला जायचंय, म्हणाला. अडीचशे डॉलर लगेच हातावर पडले.

त्या अडीचशे डॉलरांतून पुढे जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी माल बनवणारी ती एके काळची सर्वांत मोठी कंपनी. ‘कृष्णवर्णीयांच्या मालकीचे ब्रँड विकत घ्या’ असं आवाहन २०२० पासून पुन्हा जोरात होऊ लागलं, तेव्हा मला सारखी हीच कंपनी आठवत होती. कारण जॉन्सनकडे हक्काचं गिऱ्हाईक होतं. आपल्या माणसाचा माल म्हणून लोकांनी तो वर्षानुवर्षं निष्ठेने घेतला. तरीही १९९३ मध्ये कंपनी हातची गेली. कशी गेली, ते सविस्तर पाहण्यासारखं आहे.

आधी केसांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर हा धंदाच कळणार नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे केस घट्ट कुरळे असतात. अमेरिकेत नोकरीवर, शाळेत, चर्चमध्ये ‘नीटनेटकं’ दिसायचं तर ते सरळ हवेत, हा दंडक गोऱ्यांनी घातलेला आणि कृष्णवर्णीयांच्या घराघरांत मुरलेला. बायका लोखंडी फणी शेगडीवर तापवून केस ओढून सरळ करायच्या. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात केसांना लावलेल्या तेलाचा चरचर आवाज आणि जळका वास. मानेवरच्या, सर्वांत गुंतणाऱ्या केसांना तिथे ‘किचन’ म्हणतात. पाऊस आला, घाम आला की सगळी मेहनत पाण्यात. पुरुषांची तऱ्हा याहून भयंकर होती. कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी घोटून केलेला लगदा डोक्यावर थापायचा आणि आग सहन होईना की धावत नळाखाली डोकं धरायचं.

जॉन्सन तेव्हा एस. बी. फुलर यांच्या कंपनीत होता. फुलर हेही मोठं प्रकरण. १९३५ मध्ये पंचवीस डॉलरचा साबण घेऊन दारोदार विकायला लागलेला हा कृष्णवर्णीय माणूस पुढे प्रसाधनांचा मोठा कारखानदार झाला. जॉन्सन त्यांच्याकडे आधी विक्रेता होता, मग प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली शिकला. ऑर्व्हिल नेल्सन नावाचा एक न्हावी केस सरळ करायचं चांगलं मलम मिळावं म्हणून धडपडत होता. त्याची नि जॉन्सनची गाठ पडली. न्हाव्याला लगदा नको होता. डोकं कमी भाजेल, डब्यात टिकेल, दर वेळी सारखाच निघेल असा माल हवा होता. दोघांनी अडीच-अडीचशे घातले आणि ‘अल्ट्रा वेव्ह’ बाजारात आलं. भागीदारी लवकरच मोडली, पण जॉर्ज आणि त्याची बायको जोन यांनी धंदा पुढे रेटला.

त्याची विक्रीची रीत मला फार शहाणपणाची वाटते. माल थेट गिऱ्हाइकाकडे न नेता आधी न्हाव्याकडे आणि ब्यूटिशियनकडे न्यायचा. केसांच्या बाबतीत गिऱ्हाइकाचा जाहिरातीपेक्षा त्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या हातांवर विश्वास. न्हाव्याची खुर्ची म्हणजे त्या वस्तीतलं वर्तमानपत्र, बँक आणि निवडणूक कचेरी सगळं एकातच. १९५७ मध्ये बायकांसाठी ‘अल्ट्रा शीन’ आलं आणि तापलेल्या फणीपासून सुटका करणारा माल म्हणून पार्लरमधून घरोघर पोचलं.

पैसा आला तो वस्तीत फिरला. १९६४ मध्ये शिकागोत इंडिपेन्डन्स बँक सुरू झाली, तिच्या संस्थापकांत जॉन्सन होता. ज्याला धंद्यासाठी अडीचशे डॉलर मिळत नव्हते तो दहा वर्षांत कर्ज देणाऱ्यांच्या रांगेत बसला. शहराच्या दक्षिणेला लाफायेट अव्हेन्यूवर कारखाना, शेकडो कामगार, स्वतःचे रसायनतज्ज्ञ. १९७१ मध्ये कंपनीचे शेअर अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर आले. कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी त्या बाजारात नोंदली जाण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट घडली, जिची आठवण त्या पिढीच्या तोंडून अजून निघते. डॉन कॉर्नेलियसचा ‘सोल ट्रेन’ हा नाच-गाण्याचा कार्यक्रम शिकागोच्या स्थानिक वाहिनीवर चालायचा. तो देशभर न्यायला पैसे द्यायला जॉन्सन पुढे आला. शनिवारी टीव्ही लावावा तर कृष्णवर्णीय मुलं-मुली झकास नाचताहेत, आणि मधे जाहिरात येते तीही त्यांचीच, त्यांच्या केसांची, त्यांच्या माणसाच्या कंपनीची. तोवर केस सरळ करण्याऐवजी नैसर्गिक फुलवलेला ‘अफ्रो’ ही अभिमानाची खूण झाली होती. केस सरळ करण्याच्या मलमावर मोठी झालेली कंपनी अशा वेळी बुडायला हवी होती. जॉन्सनने ‘अफ्रो शीन’ काढलं. जाहिरातीत स्वाहिली भाषेतले शब्द: ‘वातू वाझुरी’, म्हणजे सुंदर माणसं. एका जाहिरातीत तर गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस भुतासारखे प्रकट होऊन एका तरुणाला त्याच्या पिंजारलेल्या केसांवरून टोकतात. तो अफ्रो शीन लावून केस नीट करतो तेव्हा कुठे त्यांचं समाधान होतं. हसू येतं बघताना. पण एका हाताने केस सरळ करणारं मलम विकायचं आणि दुसऱ्या हाताने ते फुलवणारं, आणि दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांना कंपनी आपलीच वाटली पाहिजे, हे येरागबाळ्याचं काम नाही.

इथवरची गोष्ट कुणीही आवडीने सांगतो. अभ्यासाचा भाग पुढे आहे.

अल्ट्रा शीनच्या केस सरळ करणाऱ्या मलमात सोडियम हायड्रॉक्साइड होतं. म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, तुंबलेल्या मोरीत ओततात तो. केसांतल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधणारे गंधकाचे दुवे तो तोडतो, म्हणून कुरळेपणा जातो. पण तो केस आणि कातडी असा भेद करत नाही. त्यामुळे पार्लरमध्ये ठरलेले नियम: आदल्या दिवशी डोकं खाजवायचं नाही, कारण ओरखड्यात मलम शिरलं की आग होते. कपाळाच्या कडेला आणि कानांना आधी व्हॅसलीन. घड्याळाकडे बघत बसायचं. टाळू चुरचुरायला लागली तरी केस अजून ‘बसले’ नाहीत म्हणून आणखी दोन मिनिटं दात-ओठ खायचे. हे फक्त जॉन्सनच्या डब्यात नव्हतं. बाजारातल्या इतर कंपन्यांच्या मलमांतही हाच सोडा होता, रेव्हलॉन या बलाढ्य कंपनीच्याही.

१९७५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, जॉन्सन प्रॉडक्ट्सवर बोट ठेवलं. मलम सौम्य असल्याचं सांगता, पण त्याने टाळू भाजू शकते, केस तुटू शकतात, डोळ्यांना इजा होऊ शकते. हे डब्यावर आणि जाहिरातीत लिहा. कंपनी कोर्टात न जाता तडजोडीला तयार झाली. जॉन्सनचा हिशेब असा होता, की नियम सगळ्यांना एकच, आज आपण इशारा छापू, उद्या रेव्हलॉनलाही छापावा लागेल. रेव्हलॉनवर तसा आदेश निघायला जवळजवळ दोन वर्षं लागली.

दुकानाच्या फळीवर ही दोन वर्षं कशी गेली असतील ते डोळ्यांपुढे आणा. एका डब्यावर मोठ्या अक्षरात धोक्याचा इशारा. शेजारच्या डब्यावर काहीच नाही, आत मात्र तोच सोडा. लेकीच्या केसांसाठी डबा निवडणारी बाई कुठला उचलेल? ‘आपला’ डबा भाजतो, गोऱ्यांचा भाजत नाही, असंच तिला वाटणार. दोन्हीत एकच रसायन आहे हे कळायला तिने काय प्रयोगशाळा काढायची? जॉन्सनचा बाजारातला वाटा घसरला तो घसरलाच. आणि इतकी वर्षं या गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ऐन वेळी मोकळं रान मिळालं.

इथे माझं मत दोन्ही बाजूंनी टोचतं. इशारा योग्यच होता. तो वीस वर्षं आधी छापायला हवा होता, आणि तो न छापणाऱ्यांत जॉन्सनही होता. आपल्या माणसाने विकलेला सोडा कमी भाजत नाही. पण एकालाच इशारा छापायला लावायचा आणि दुसऱ्याला दोन वर्षं सवलत द्यायची, याला गिऱ्हाइकाचं संरक्षण म्हणता येत नाही. त्याने गिऱ्हाईक फक्त शेजारच्या डब्याकडे ढकललं गेलं.

सत्तरीच्या अखेरीस ओलसर, चमकदार कुरळ्या केसांची फॅशन आली, तिला ‘जेरी कर्ल’ म्हणत. पार्लरमध्ये तिचं बिल ऐकून घाम फुटायचा. कोमर कॉट्रेल या कृष्णवर्णीय उद्योजकाच्या प्रो-लाइन कंपनीने तेच काम घरी करायची ‘कर्ली किट’ आठ डॉलरच्या आसपास बाजारात आणली आणि ती तुफान खपली. जॉन्सन या शर्यतीत मागे पडला. सगळा दोष सरकारवर आणि रेव्हलॉनवर ढकलणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं.

आता डब्यावरच्या बाईकडे येऊ. १९८१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या प्रसाधन कंपन्यांनी एकत्र येऊन शिकागोत एक संघटना काढली, अमेरिकन हेल्थ अँड ब्यूटी एड्स इन्स्टिट्यूट. तिने एक खूण ठरवली: ताठ मानेच्या कृष्णवर्णीय स्त्रीची बाजूने दिसणारी काळी छायाकृती. तिचं नाव ‘प्राउड लेडी’. ही बाई डब्यावर असेल तर माल कृष्णवर्णीयांच्या कंपनीचा, नसेल तर नाही. आज फोनवर ब्रँडच्या नावापुढे ‘कृष्णवर्णीय मालकीचा’ असा बिल्ला दिसतो. ही त्याचीच चाळीस वर्षं जुनी आवृत्ती. गरज का पडली? मोठ्या कंपन्यांनी डब्यांवर कृष्णवर्णीय मॉडेल छापायला आणि आफ्रिकी वाटणारी नावं द्यायला सुरुवात केली होती. चेहऱ्यावरून मालक ओळखू येईनासा झाला होता.

१९८६ च्या शरद ऋतूत रेव्हलॉनच्या एका बड्या अधिकाऱ्याने ‘न्यूजवीक’ या साप्ताहिकाशी बोलताना मनातलं बोलून टाकलं. कृष्णवर्णीयांच्या या कंपन्या पुढच्या दोनेक वर्षांत दिसेनाशा होतील, त्या सगळ्या गोऱ्यांच्या कंपन्यांना विकल्या जातील, असा त्या बोलण्याचा आशय होता. भडका उडाला. कृष्णवर्णीयांचे नेते जेसी जॅक्सन यांच्या ‘पुश’ संघटनेने रेव्हलॉनवर बहिष्काराची हाक दिली. ‘प्राउड लेडी’ला एवढं चांगलं निमित्त पुन्हा मिळालं नसतं. पार्लरपार्लरमधून, चर्चच्या व्यासपीठावरून तोच संदेश: डबा उलटून बघा, बाई आहे का?

बाई होती, गिऱ्हाईकही होतं. पण घर आतून खचत होतं. १९८९ मध्ये जॉर्ज आणि जोनचा घटस्फोट झाला आणि जॉर्जचा कंपनीतला हिस्सा जोनकडे गेला. मुलगा एरिक कारभार बघू लागला. आकडे त्याने सुधारले, पण घरातल्यांशी त्याचं पटेना आणि १९९२ मध्ये तो बाहेर पडला. भाऊबंदकीचं हे चित्र आपल्याला नवं नाही. दुसऱ्या पिढीच्या या वळणावर अडखळलेल्या कंपन्या दादरपासून डोंबिवलीपर्यंत कुणीही मोजून दाखवेल. फरक एवढाच, की इथे घरच्या भांडणाकडे बाहेर पैसेवाला गिऱ्हाईक दबा धरून बसला होता. १९९३ मध्ये मायामीची आयव्हॅक्स ही औषध कंपनी आली आणि जॉन्सन प्रॉडक्ट्स सुमारे ६.७ कोटी डॉलरला विकली गेली. ‘न्यूजवीक’मधल्या त्या वाक्याला जेमतेम सात वर्षं झाली होती. (जॉर्ज आणि जोन यांनी १९९५ मध्ये पुन्हा एकमेकांशीच लग्न केलं. जोन २०१९ मध्ये वारल्या. हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीही असतात.)

‘विकू नका’ म्हणणारे अनेक होते. मला त्यांचा राग कळतो, पण प्रश्न पडतो: दुसरं कोण घेणार होतं? साडेसहा कोटी डॉलर उभे करू शकेल असा कृष्णवर्णीय गुंतवणूकदार, आणि त्याला तेवढं कर्ज देणारी बँक, १९९३ च्या अमेरिकेत शोधून किती सापडले असते? तो १९५४ चा साहेब आठवा. फिरायला पैसे मिळतील, धंद्यासाठी नाही. गिऱ्हाइकाने दर महिन्याला एक डबा घेऊन कंपनी चालवता येते, विकत घेता येत नाही.

मग रांगच लागली. शिकागोचीच सॉफ्ट शीन १९९८ मध्ये लोरिआलने घेतली. २००० मध्ये कॉट्रेलची प्रो-लाइन अल्बर्टो-कल्व्हरकडे गेली. जॉन्सनचे ब्रँड आयव्हॅक्सकडून कार्सनकडे, तिथून वेला, मग प्रॉक्टर अँड गॅम्बल असे हातोहात फिरले. शेवटी २००९ मध्ये ते पुन्हा कृष्णवर्णीय उद्योजकांच्या पुढाकाराने विकत घेतले गेले, आणि त्या उद्योजकांत कॉट्रेल यांची मुलगी रेने होती. कर्ली किटने ज्याला मागे टाकलं त्याचं नाव कर्ली किटवाल्याच्या लेकीने सोडवून आणलं. तोवर बाजाराने मात्र कूस बदलली होती. तरुण मुली केस सरळ करणंच सोडून देत होत्या.

त्यांनी सोडलं ते बरंच केलं, असं म्हणायला २०२२ मध्ये आणखी एक कारण मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’त ३३,४९७ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरलेल्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ४.०५ टक्के निघालं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण वापरणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, आणि त्यानंतर शिकागोच्या संघीय न्यायालयात दाव्यांचा ढीग लागला. कुठला ब्रँड कुणाच्या मालकीचा होता हे त्या ढिगात फारसं उपयोगाचं नाही.

आजची अडचण वेगळ्या जागी आहे. २०२० मध्ये ऑरोरा जेम्स या डिझायनरने ‘फिफ्टीन पर्सेंट प्लेज’ सुरू केलं. मागणी साधी आणि नेमकी: अमेरिकेत कृष्णवर्णीय साधारण पंधरा टक्के, तर मोठ्या दुकानांनी पंधरा टक्के फळी त्यांच्या ब्रँडना द्यावी. तिने गिऱ्हाइकापेक्षा दुकानदाराला पकडलं, ही मला त्यातली खरी हुशारी वाटते. सेफोरा या प्रसाधनांच्या दुकानांच्या साखळीने लवकर सही केली. पण दुकानदाराने दिलेली फळी दुकानदार मागेही घेऊ शकतो. २०२५ मध्ये टार्गेट या साखळीने समावेशकतेची आपली धोरणं गुंडाळली तेव्हा तिच्यावर बहिष्काराची हाक आली, आणि तिथल्या फळ्यांवर माल असलेल्या कृष्णवर्णीय उद्योजकांपैकी काहींना आपल्याच लोकांपुढे हात जोडावे लागले: दुकानावर रागवा, पण आमचा माल पडून राहिला तर आधी आम्ही मरतो.

आणि कॉट्रेलचा माल? प्रो-लाइनने लहान मुलींसाठी ‘जस्ट फॉर मी’ नावाचा ब्रँड काढला होता. नव्वदीत वाढलेल्या कृष्णवर्णीय बायकांना त्याच्या जाहिरातीचं गाणं अजून पाठ आहे. तो अल्बर्टो-कल्व्हरकडून युनिलिव्हरकडे गेला, तिथून जॉर्जिया राज्यातल्या स्ट्रेन्ग्थ ऑफ नेचर कंपनीकडे. २०१६ मध्ये ती अख्खी कंपनीच गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने विकत घेतली. हेच ते गोदरेज, ज्यांनी स्वदेशीच्या काळात प्राण्यांच्या चरबीशिवाय साबण काढून ‘आपला माल’ म्हणून घराघरांत पोचवला. अटलांटातली एखादी आई लेकीच्या केसांसाठी ‘जस्ट फॉर मी’चा डबा उचलते, पुढची हसरी कुरळ्या केसांची मुलगी बघते, सवयीने डबा उलटून पाहते. काळी छायाकृती तिथे नसते. पत्ता असतो तो जॉर्जियाचा. विक्रोळीचं नाव त्यावर कुठेच नसतं.